आत्याबाईंचा लोण्याचा ठेचा

मैत्रिणींनो, पाककृती सांगायला बसले आहे खरी, पण आधी एक कबुली देते. घरातल्या माणसाच्या ताटात आपण काय वाढले हे आपल्याला तोंडपाठ असते. पण ताटात काय उरले, हे आपल्यापैकी किती जणी पाहतात? मी तरी पाहत नव्हते. ते माझ्या लक्षात आणून दिले एका परक्या, हिरव्या, दगडासारख्या टणक फळाने.

मी राहते हसनाबादला, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात. घरात आम्ही चौघे. हे, आठवीतली मुलगी, सासूबाई आणि मी. ह्यांची शेती आहे, कापूस, मका आणि थोडी मिरची. मी बी. ए. झालेली, गावातल्या शाळेत तासिकांवर मराठी आणि इतिहास शिकवते. सकाळी सगळ्यांचा स्वयंपाक उरकायचा, झाकून ठेवायचा आणि धावत शाळा गाठायची, असा माझा दिवस. सासूबाईंना मी 'आत्याबाई' म्हणते. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे.

गेल्या मे महिन्यात माझी भावजय मुलांना घेऊन पुण्याहून चार दिवस राहायला आली. येताना पिशवीतून तीन फळे घेऊन आली. आकार पेअरसारखा, साल खरबरीत, रंग गडद हिरवा. "वन्सं, हे अॅव्होकॅडो. आपल्याकडे ह्याला लोणीफळ म्हणतात. ह्याचं ग्वाकामोले करतात, म्हणजे चटणीच म्हणा ना. माझी मुलं नुसती बोटं चाटतात."

फळावर एक इवलीशी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर जातीचे नाव होते, 'हास'. आमची कन्या लगेच म्हणाली, "आई, हास म्हणजे हसनाबादचंच की गं!" सगळे हसलो. (ह्या जातीला नाव मिळाले ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या एका पोस्टमनवरून. त्याच्या बागेत हे झाड उगवले आणि १९३५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. टपाल वाटणाऱ्या माणसाचे नाव आज जगभरच्या बाजारात फिरते आहे, हे मला फार आवडले.)

आत्याबाईंनी फळ हातात घेऊन खाटेच्या पाट्यावर टकटक वाजवून पाहिले. "काय वं माय, पुण्याहून दगड आणला व्हय? आन् काय म्हनली नाव? गाव का मोल?"

त्यांचे माहेर औरंगाबादकडचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. लहानपणी शेजारपाजारी दख्खनी हिंदी कानावर पडलेली. तेव्हा 'ग्वाकामोले'चे 'गाव का मोल' व्हायला कितीसा वेळ लागणार! घरात तेच नाव रूढ झाले.

भावजय परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी लेकीने माझ्यामागे भुणभुण लावली. मलाही हौस होतीच. सुट्टी होती, शाळेची घाई नव्हती. एक फळ कापायला घेतले, तर सुरी आत शिरेना. कसेबसे दोन भाग केले, साल तासली आणि मिरची, कोथिंबिरीबरोबर मिक्सरमध्ये फिरवले. भांड्यातून जे निघाले त्याला चटणी म्हणवेना. कच्च्या बटाट्यासारखे रवाळ आणि चव कडवट. ह्यांनी एक घास घेतला, पाण्याचा पेला उचलला आणि काही न बोलता लोणच्याची बरणी जवळ ओढली. पंचवीस वर्षे शेतीत काढलेला माणूस. पिकाचे नुकसान बघून न बोलायची सवय आहे त्यांना!

मी मात्र खट्टू झाले. एवढे महागाचे फळ आणि गेले उकिरड्यावर. उरलेली दोन फ्रीजमध्ये टाकायला निघाले, तेवढ्यात आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "कच्चं फळ थंडीत ठिवलं तर पिकंल का कधी? आंबा ठिवती का तू फ्रीजमंदी? दे इकडं."

आमच्या मागच्या खोलीत आत्याबाईंची आंब्याची अढी असते. बांधावरच्या झाडाचे गावरान आंबे आणि विकत घेतलेला थोडा केशर. खाली वाळलेले गवत, वर पोते. घरातले हे एकच खाते त्यांनी अजून माझ्याकडे सोपवलेले नाही. त्या उठल्या, भिंतीला धरत मागे गेल्या आणि ती दोन्ही फळे पाडाच्या आंब्यांमध्ये खुपसून आल्या.

पुढे मी वाचले तेव्हा कळले की त्यांचे अगदी बरोबर होते. हे फळ झाडावर कधी पिकतच नाही. पूर्ण वाढ झाली की तोडायचे, मग ते घरात पिकते. पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने शेजारचे फळही लवकर पिकते. मोठ्या शहरात हेच फळ केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवायला सांगतात. आत्याबाईंना इथिलीनचे नाव ठाऊक नाही, काम मात्र लहानपणापासून ठाऊक आहे.

तर मैत्रिणींनो, खरी गोष्ट सुरू होते ती इथून पुढे.

रोज सकाळी चहा झाला की आत्याबाई अढीकडे जायच्या. पोते बाजूला सारून, दोन्ही फळे हातात घेऊन, देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबून पाहायच्या. "आज न्हाई." दुसऱ्या दिवशी, "अजून न्हाई." तिसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी हात पुढे केला, आणि त्यांच्या हातातली पाटली घसरत पार कोपराजवळ गेली.

मी पाहतच राहिले. ही पाटली एकेकाळी साबण लावल्याशिवाय निघत नसे. केव्हा एवढ्या वाळल्या ह्या? आणि एकाच घरात राहून मला कसे दिसले नाही?

त्या दिवशी दुपारी मी मुद्दाम त्यांच्या पानासमोर बसले. भाकरीचा कडेचा भाग त्यांनी काढून ठेवला. मधला मऊ भाग वरणात कुस्करला. भाजीतल्या फोडी बाजूला सारल्या, नुसता रस्सा घेतला. डावीकडे वाढलेला शेंगदाण्याचा ठेचा होता तसाच राहिला. चार घास झाले आणि म्हणाल्या, "बास, भरलं पोट."

आत्याबाई आणि ठेचा नको? मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या बाईंच्या ताटात आधी ठेचा पडायचा, मग बाकीचे. आमचा भाग मिरचीचा. जवळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची कुठल्या कुठे जाते. पावसाळ्याच्या तोंडावर गाड्या भरायला लागल्या की सगळ्या परिसराच्या नाकाला त्या वासाची झिणझिणी येते. तव्यावर तेलात परतलेली मिरची, लसूण, मीठ, भाजलेले दाणे. पाट्यावर रगडून आत्याबाई जो ठेचा करत, त्यापुढे पंचपक्वान्न फिके.

मागल्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी बसवली. आम्हांला वाटले, प्रश्न मिटला. कवळी मात्र सुरुवातीचे काही दिवस तोंडात, मग डबीत गेली. मी विचारले की म्हणायच्या, "घालते की, जेवताना घालते." मी त्या वेळी शाळेत. ताट झाकून गेलेली असे, परत येईतो ताट धुऊन पालथे घातलेले असे. मी समजत होते, जेवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी अढीकडून हाक आली, "आगं ये, तुझा दगड पिकला बघ!"

खरेच, हिरवी साल काळपट जांभळी झाली होती आणि अंगठ्याखाली फळ लोण्याच्या गोळ्यासारखे दबत होते. मी मिक्सरचे भांडे काढायला गेले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. त्याच्यात पार पानी पानी व्हतं. पाटा काढ."

कित्येक महिन्यांनी पाटा धुतला. मीठ, मिरची, कांदा, कोथिंबीर मी आधी वाटून घेतली. मग फळ उभे कापले. बी अलगद निघाली, आतला गर चमच्याने सुटून आला. फिकट हिरवा, बीजवळ तसा आणि सालीजवळ जरा गडद. तो पाट्यावर घालून वरवंट्याने नुसता दाबला. लिंबू पिळले. भावजयीने सांगितले होते की तिकडे ह्यात फळेही घालतात. डाळिंबाचे दाणे घालायचे माझ्या मनात होते, पण दाणे आत्याबाईंना चावणार कसे? तेव्हा अढीतलाच एक केशर आंबा घेतला, नुकता पिकलेला, आंबटगोड. त्याच्या बारीक फोडी करून शेवटी मिसळल्या.

आत्याबाईंनी पाट्याच्या कडेचे बोटावर घेतले आणि जिभेवर टेकवले. डोळे मिटले. मी आपली श्वास रोखून उभी.

"मिरची कमी पडली," त्या म्हणाल्या.

मी आणखी एक मिरची वाटली. मग त्या पाटावर बसल्या आणि तव्यावरची गरम भाकरी, तिचा मऊ पापुद्रा, त्यावर हा हिरवा गोळा, असे जेवायला लागल्या. एक चतकोर संपली. दुसरी संपली. मी पुढली भाकरी थापत होते, तोच मागून आवाज आला, "वाढ की अजून. सरलं का?"

मैत्रिणींनो, 'वाढ की अजून' हे शब्द मी ह्या घरात किती दिवसांनी ऐकत होते! पीठ मळण्याच्या निमित्ताने मी पाठ फिरवली. चुलीसमोर डोळ्यांत पाणी यायला बाईला कारण सांगावे लागत नाही, हे बरे आहे.

संध्याकाळी त्यांच्या पायाला तेल लावताना मी विचारले, "आत्याबाई, कवळी टोचते ना?"

"टोचती थोडी."

"दाणे आत जातात ना खाली?"

"जात्यात. मंग आग व्हती."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? मऊ काही करून दिलं असतं ना मी."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काय सांगायचं? तुझी शाळा, पोरीचा अभ्यास, ह्याचं वावर. माझ्या एकटीसाठी काहून येगळं रांधायचं?"

काय बोलणार ह्यावर? हेच वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकले आहे. ताप असताना मी स्वतःही म्हटले आहे. 'माझ्या एकटीसाठी कशाला?' आपण बायका हे वाक्य कोणाकडून शिकतो कोण जाणे, पण म्हातारपणापर्यंत विसरत नाही. आणि ज्यांच्यासाठी वेगळे रांधायला हवे असते, त्याच नेमक्या ते बोलून दाखवत नाहीत.

आता जरा माझ्यातल्या बाईंना, म्हणजे शाळेतल्या बाईंना, बोलू द्या. हे 'परके' म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो ते किती परके आहे, हे मी त्या आठवड्यात शोधून पाहिले. लोणीफळ मूळचे मेक्सिकोकडचे. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेत ह्या चटणीचे नाव 'आहुआकामोल्ली'. 'आहुआकात्ल' म्हणजे हे फळ आणि 'मोल्ली' म्हणजे चटणी किंवा रस्सा. ती वाटायचा त्यांचा तीन पायांचा दगडी खल असतो, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. आपल्या दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच, आणि त्याचाच आपला पाटा!

आणखी गंमत ऐका. वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला आला, १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतले, हे मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल. पण त्या पोर्तुगिजांबरोबर पुढे आपल्याकडे काय काय आले हे मुलांना कधी रंगवून सांगितले नव्हते. मिरची त्याच अमेरिका खंडातली! त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी होती, त्या मिरीवरूनच मिरचीचे नाव पडले. पेरू, सीताफळ, पपई, टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणा ही सगळी तिकडचीच मंडळी. म्हणजे आमच्या शेतातली मिरची आणि मका, आणि आत्याबाईंच्या ठेच्यातले दाणे, एकेकाळी लोणीफळाचे शेजारीच होते. उलट कांदा, कोथिंबीर, लिंबू ही आपल्या बाजूच्या जगातली. १५२१ साली स्पेनच्या लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर ती तिकडे गेली. आंबा तर आपलाच. तोही पुढे फिलिपिन्सच्या वाटेने गलबतांतून मेक्सिकोला पोहोचला.

हे मी जेवताना सांगितले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी मिरची बी सून म्हनूनच आली म्हना की. आता तिलाच कोनी परकी म्हनत न्हाई." मी बी. ए. ला इतिहास घेतला होता, पण इतक्या थोडक्यात कोणी सांगितला नव्हता!

बरे, आता कृती नीट सांगते. दोन मध्यम लोणीफळे, अर्धी वाटी आंब्याच्या बारीक फोडी, एक लहान कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस, चवीपुरते मीठ. आवडत असेल तर चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ आधी वाटावे, मग गर घालून नुसता ठेचावा. पिठल्यासारखा गुळगुळीत करू नये. लिंबू लगेच पिळावे. आंबा अगदी शेवटी. आंबा फार गोड असेल तर लिंबू जरा वाढवा. आंब्याचा हंगाम नसेल तर पिकलेली पपई घ्या. दात शाबूत असणाऱ्यांसाठी डाळिंबाचे दाणे घाला. मोसंबी आमच्या जिल्ह्याचे नावाजलेले फळ. लिंबाऐवजी तिचा रस घालून पाहिला, पण आंबटपणा कमी पडतो. तेव्हा लिंबू ठेवून मोसंबीच्या सोललेल्या पाकळ्यांचे तुकडे घालावेत, ते छान लागतात.

चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कच्चे फळ कापू नका. आमचा अनुभव पुरे. कच्चे असताना फ्रीजमध्ये ठेवू नका. पिकल्यावर मात्र एकदोन दिवस खुशाल ठेवा. दोन, कापलेला गर हवेने तपकिरी पडतो, सफरचंद किंवा वांगे पडते तसाच. लिंबाने तो थोडा उशिरा काळवंडतो. वाडग्यात बी खोचून ठेवली की चटणी हिरवी राहते असे म्हणतात, पण बीच्या खाली झाकला गेलेला भाग तेवढा राहतो. बाकीचा काळा पडतोच. त्यापेक्षा वाटी काठोकाठ भरून वर घट्ट झाकण घाला आणि शक्यतो त्याच जेवणाला संपवा. तीन, हा ठेचा गरम करू नका किंवा त्याला फोडणी देऊ नका. लोणीफळ तापवले की कडवट होते.

चार, हे फळ गुणाचे असले तरी अमृत नव्हे. शंभर ग्रॅम गरात साधारण एकशे साठ कॅलरी, सुमारे पंधरा ग्रॅम स्निग्धांश आणि सात ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. साखर अगदी नाममात्र. स्निग्धांशही बहुतांशी शेंगदाणा तेलात किंवा ऑलिव्ह तेलात असतो त्या प्रकारचा. वाळत चाललेल्या, चावता न येणाऱ्या माणसाला थोड्या घासांत बरेच बळ मिळते ते ह्यामुळे. पण ह्यात पोटॅशियमही भरपूर असते. घरात मूत्रपिंडाचा आजार असलेले कोणी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि आंबा घातला की साखर आली, हे मधुमेहवाल्यांनी विसरू नये.

तुम्ही म्हणाल, एवढे महागाचे फळ आम्ही रोज कुठून आणायचे? आम्ही तरी कुठे आणतो! ती दोन फळे दोन दिवसांत संपली. पण मला युक्ती कळली होती. भरताचे वांगे भाजून, साल आणि जमतील तेवढ्या बिया काढून, त्याच पाट्यावर मिरची-कोथिंबिरीबरोबर ठेचले, वर घरचे लोणी आणि कैरीचा कीस उकडून घातला. आत्याबाईंनी तेही आवडीने खाल्ले. कधी उकडलेला लाल भोपळा, कधी मऊ शिजवलेले मूग. दाण्यांऐवजी दाण्याचे कूट लोण्यासारखे होईपर्यंत रगडले की ठेचाही खाता येतो. सकाळी ज्वारीच्या कण्या, त्यात ताक. वेगळे रांधायला लागते ते किती? पाट्यावरची दहा मिनिटे.

फळाने जादू केली असे मात्र म्हणणार नाही. जूनमध्ये ह्यांनी आत्याबाईंना पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे नेले. दात काढल्यावर हिरड्या हळूहळू आक्रसतात, त्यामुळे आधी बसलेली कवळी पुढे सैल होते आणि घासते. ती पुन्हा बसवून घ्यावी लागते, हे तिथे कळले. कवळी आतून भरून घेतली. घरातल्या प्रत्येक कवळीवाल्या माणसाला हे विचारा, कारण ती माणसे स्वतःहून सांगत नाहीत.

आता शाळा सुरू झाली आहे. मी अजूनही ताट झाकूनच जाते. पण परत आल्यावर पहिला प्रश्न 'जेवलात का?' असा विचारत नाही. त्याला 'हो' एवढेच उत्तर येते. मी विचारते, "आज ठेचा तिखट झाला होता का?" मग आत्याबाई खरे सांगतात. परवा म्हणाल्या, "मीठ इसरली तू." मला इतका आनंद झाला म्हणता! खाल्ले होते म्हणून तर कळले.

त्यांची पाटली अजून सैलच आहे, पण कोपरापर्यंत जात नाही. लोणीफळाच्या बिया आमच्या लेकीने मागच्या दारी मातीत लावल्या आहेत. आत्याबाई म्हणतात, उगवेल. ह्या हवेत उगवले तरी फळ धरेल की नाही, मला शंका आहे. पण रोज सकाळी तिथे पाणी घालायला त्या स्वतः जातात, आणि मी त्यांना अडवत नाही.